ओदिली ग्रानादोसची पकड

ओदिलीचे हात पहिल्यांदा बघणारा माणूस जरा दचकतोच. बाई अंगानं किरकोळ, उंचीला माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि हात मात्र गवंड्याचे. बोटांचे सांधे जाड, नखं पार मुळापाशी कापलेली. आईची अंगठी तिच्या एकाही बोटात जात नाही, म्हणून ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालते. सहा वर्षांची असल्यापासून ती कंबरेला टोपली बांधून कॉफीची फळं तोडायला जायची. ओरोसीच्या खोऱ्यात आम्ही सगळेच जायचो. पण पुढे आमचे हात माणसांसारखे झाले आणि तिचे झाले नाहीत, कारण एकतिसाव्या वर्षी तिला कडा चढायचं वेड लागलं.

मी तोबियास. काळ्या कड्याच्या पायथ्याशी माझी खानावळ आहे. सहा टेबलं, एक चूल, आणि दारात एक बाक, ज्यावर चढणारी मंडळी बूट बदलतात. मी स्वतः कधी चढलो नाही. माझं वजन एकशे आठ किलो आहे आणि मला जीव प्यारा आहे. पण दोर धरायला माझ्यासारखा माणूस या खोऱ्यात दुसरा नाही. वरचा माणूस निसटला की खालचा हलका गडी दोराबरोबर हातभर वर उचलला जातो. मी जागचा हलत नाही. ओदिली मला पहिल्या दिवसापासून 'जाड्या' म्हणत आली. तेवीस वर्षं मी तिचा दोर धरला आणि एकदाही तिचा पाय जमिनीला लागू दिला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढचं समजावं म्हणून सांगतो.

ओदिली पोटासाठी जनावरं सांभाळते. आमच्या वरच्या रस्त्याला जखमी प्राण्यांचं एक शुश्रूषाघर आहे, तिथे ती अठ्ठाविसाव्या वर्षी झाडू मारायला लागली आणि हळूहळू स्लॉथच्या, म्हणजे झाडाला उलटं लटकून राहणाऱ्या त्या मंद जनावराच्या, पिल्लांची आई होऊन बसली. आमच्याकडे त्या जनावराला सरळ आळशीच म्हणतात. विजेच्या तारेला चिकटून आई मेली, नाहीतर कुणी झाड तोडलं, की पिल्लू ओदिलीकडे येतं. महिना-दोन महिन्यांचं पिल्लू आईच्या पोटाला चिकटून राहायचं, ते आता फडक्याच्या बाहुलीला चिकटून राहतं. त्याला पुन्हा रानात सोडायचं तर आधी हातात ताकद यावी लागते. त्यासाठी ओदिलीनं गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आडवा बांबू बांधलाय, खाली गादी.

ते शिक्षण मी कितीदा बघितलंय. पिल्लाला बांबूला लावायचं, मनात तीसपर्यंत मोजायचं आणि ते अजून मजेत लटकत असतानाच उचलून घ्यायचं. दमू द्यायचं नाही. एकदा जरी पकड सुटून ते पडलं तर पुढचे आठ दिवस बांबूला हात लावत नाही. तीसचे चाळीस व्हायला आठवडा जातो. सहा महिन्यांनी तेच पिल्लू एका हातावर लटकून दुसऱ्या हातानं गाजर खातं.

"अगं, एवढ्या हळू?" मी एकदा म्हटलं होतं.

"स्नायूला घाई चालते," ती म्हणाली. "स्नायू हाडाला बांधणाऱ्या आतल्या दोऱ्यांना चालत नाही. दोऱ्या म्हाताऱ्या बायकांसारख्या असतात. त्यांना रोज थोडं काम दे, कुरकुरत नाहीत. एकदम ओझं टाकलंस तर तुटतात, आणि मग वर्षभर तोंड फिरवून बसतात."

आणि शहरातून येणारी पोरं नेमकं तेच ओझं टाकायची. घरी दारावर लाकडी पट्टी ठोकायची, तिला बोटांच्या पेरांवर लोंबकळायचं, हात थरथरेपर्यंत, डोळे बाहेर येईपर्यंत. मग बोटांना पट्ट्या गुंडाळून माझ्याकडे भात खायला यायची आणि चमचा डाव्या हातात धरायची. ओदिली बाकावर बसून त्यांची खेचायची.

"कुठल्या जनावराला दमेपर्यंत लोंबकळताना पाहिलंस रे? दमलं की पडतं, पडलं की मेलं. म्हणून ते दमायच्या आधी थांबतं. तुझ्यापेक्षा आळशाला अक्कल जास्त."

"पण दोन्या, त्याला नख्या आहेत," एखादा म्हणायचा. मोठ्या बाईला आमच्याकडे मानानं दोन्या म्हणतात.

"नख्या आहेत, शेपटीवाल्यांना शेपूट आहे, तुला दोन्ही नाही. त्यांची पकड तुला नाहीच मिळणार. त्यांची रीत घे." मग ती हात पुढे करून दाखवायची. आपला हात मोकळा सोडला की उघडा पडतो, मूठ आवळायला जोर लागतो. आळशाचा हात मोकळा सोडला की आपोआप मिटतो, उघडायला त्याला जोर लागतो. म्हणून तो झोपेतही लटकलेला राहतो. "तर तू खडक आवळू नकोस. बोटांचा आकडा कर, खाचेत अडकव आणि बाकीचं अंग सोडून दे. तोंडसुद्धा. दात खाऊन चढणारं एक माकड मला दाखव." पांढऱ्या तोंडाची माकडं सरळ हातानं लटकतात, कोपर वाकवून नाही, हे तिनं पोरांना माझ्या दारातल्या झाडावरच दाखवलं होतं. छतावरच्या पालीचं तर ती वेगळंच कौतुक करायची. पाल चिकटते कशी हे सगळे विचारतात, ती सुटते कशी ते बघा म्हणायची. बोटं टोकाकडून उलटी उचलते, जोर न लावता. सोडतानाही जो खडकाशी भांडतो तो अर्धी ताकद तिथेच घालवतो, असं तिचं म्हणणं.

आता कड्यावर चढायच्या एका वाटेबद्दल सांगायला हवं, कारण ओदिलीचं सगळं त्या वाटेत अडकलं होतं.

काळ्या कड्याच्या डाव्या अंगाला एक उलट कललेली, गुळगुळीत भिंत आहे. ती चढता येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ओदिलीनं अकरा वर्षांपूर्वी तिथे वरून दोर सोडून शेवाळ खरवडलं, उसनं ड्रिल आणून दोर अडकवायला चौदा बोल्ट ठोकले, माथ्याशी साखळी बसवली. आणि मग चढायला लागली आणि पडायला लागली. मधोमध एक जागा आहे, तिथे दोन बोटं मावतील एवढीच तिरकी खाच. त्या दोन बोटांवर लटकून, पाय कमरेपर्यंत आणून, मग वरची कड गाठायची. जो तिथे आवळतो तो घसरतो. जितका जोर, तितकी लवकर घसरगुंडी. ओदिली दर कोरड्या हंगामात तिथपर्यंत जायची आणि पडायची. मग तिनं आळशाची रीत त्या खाचेला लावली, आणि गेल्या हंगामाच्या शेवटी ती त्या दोन बोटांवर शांत लटकली. मी खालून बघितलं. तिचा चेहरा दुपारी झोप लागलेल्या बाईसारखा होता. वरच्या कडेला हात लागला, आणि तेवढ्यात पाऊस आला. खडक ओला झाला, ती खाली आली आणि खदाखदा हसली.

"पुढच्या फेब्रुवारीत, जाड्या," ती म्हणाली. "आता ती माझी आहे."

आमच्याकडे रिवाज असा आहे की जो वाट शोधतो आणि बोल्ट ठोकतो, तो पहिल्या बोल्टला लाल फीत बांधतो. फीत आहे तोवर दुसरा कुणी त्या वाटेला हात लावत नाही. पहिल्यांदा चढायचा मान त्याचा, नाव ठेवायचा हक्कही त्याचा. पण लोक फिती बांधून विसरूनही जायचे, वाटा वर्षानुवर्षं अडून राहायच्या. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की पावसानं विटलेली फीत दरवर्षी तीन राजांच्या दिवसापर्यंत, म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, बदलायची. जुनी डिसेंबरात कुणीही काढून टाकावी. सहा तारखेनंतर जिथे नवी फीत नाही, ती वाट सगळ्यांना मोकळी. ओदिलीनं अकरा वर्षं न चुकता फीत बदलली. नावही तिनं ठरवून ठेवलं होतं, 'सावकाश'. ते दोघांनाच माहीत होतं. एक मी आणि दुसरा केलोर.

केलोर ब्रेनेस दुधाची गाडी चालवतो. सत्तावीस वर्षांचा, उंच, देखणा, बोलायला गोड. तीन वर्षांपूर्वी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कामातून गेली होती. पट्टीला लोंबकळताना एकदा फाटकन आवाज झाला, सहा महिन्यांनी पुन्हा झाला. डॉक्टरनं चढणं विसर म्हणून सांगितलं होतं. तो माझ्या बाकावर बसून रडला होता, आणि ओदिलीला रडणारं काहीही दिसलं की ती उचलून घरी नेते.

तिनं त्याला पिल्लासारखंच वागवलं. शुश्रूषाघरातला वजनकाटा जमिनीवर ठेवला, वर दाराच्या चौकटीला पट्टी लावली. केलोरचं वजन सत्तर. काट्यावर उभा राहून पट्टीला बोटं लावायची आणि काटा पन्नासवर येईल एवढाच भार बोटांवर घ्यायचा. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, दम खायचा. असं सहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी काटा एक किलो खाली. बोट जरा थरथरलं की त्या दिवशीचं काम बंद. केलोर चिडायचा.

"दोन्या ओदिली, हे तर माझी आजीसुद्धा करेल."

"मग आजीला पाठव. तिची बोटं शाबूत असतील."

चौदा महिने. तिनं स्वतःच्या सुट्ट्या त्याच्यात घातल्या. त्याची बोटं जुळली, आणि आधी कधी नव्हती एवढी पक्की झाली. रविवारी दोघं माझ्याकडे एका ताटात जेवायचे. तिला मूलबाळ नाही, नवरा केव्हाच उत्तरेला गेला तो गेलाच. ती केलोरला 'पोरा' म्हणायची आणि त्याच्या ताटातली तळलेली केळी स्वतः खायची. त्या भिंतीवरची प्रत्येक पकड तिनं त्याला शिकवली. दोन बोटांच्या खाचेत अंगठा कुठे टेकवायचा हेसुद्धा.

गेल्या डिसेंबरात, नाताळच्या दोन दिवस आधी, शुश्रूषाघरात एकदम तीन पिल्लं आली. एक तर तळहाताएवढं. बाकीचे कामगार सणाला गावी गेलेले. दर तीन तासांनी शेळीचं दूध पाजायचं, तेही थेंबाथेंबानं. ओदिली तिथून हलू शकत नव्हती. तीन जानेवारीला केलोरची दुधाची गाडी रस्त्यानं चालली होती, ती तिनं हात करून थांबवली आणि नवी लाल फीत त्याच्या हातात दिली.

"सहाच्या आत बांध रे, पोरा. नीट दोन गाठी मार."

"आजच बांधतो," तो म्हणाला.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की सात तारखेला सकाळी केलोर दोर खांद्यावर टाकून माझ्या दारात उभा आहे आणि भिंतीच्या पहिल्या बोल्टला काही नाही.

मी चुलीवर भात ढवळत होतो. "ओदिलीची फीत कुठे?" मी विचारलं.

"तिनं सोडली वाट," तो म्हणाला. "बोट दुखतंय तिचं. वय झालं ना. मलाच म्हणाली, तू चढ. येतोस का धरायला? दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

फोन माझ्या हाताच्या अंतरावर, साखरेच्या डब्याशेजारी होता. मी तो उचलला नाही. नंतर मी लोकांना सांगितलं की त्यानं मला फसवलं, आणि ते खरंच आहे. तोंडावर खोटं बोलला मेला, डोळ्यांत बघून बोलला. पण मी तेवीस वर्षं ओदिलीला ओळखतो. ती बाई ताप अंगात घेऊन पिल्लांना दूध पाजते. ती वाट सोडेल? मला तेव्हाच ते खटकलं होतं. तरी मी फोन केला नाही, कारण अकरा वर्षं मान वर करून मी त्या भिंतीकडे बघत होतो, आणि मला तिच्यावरून कुणीतरी वर पोचलेलं बघायचं होतं. कोण, याची मी त्या सकाळी फिकीर केली नाही. मी चुलीवरून भात उतरवला आणि गेलो.

तो सुरेख चढला, हे मला सांगावंच लागेल. सातव्या बोल्टपर्यंत न थांबता गेला. खाचेपाशी त्यानं दोन बोटं अडकवली, अंगठा तिनं सांगितलेल्या जागी टेकवला, हात सरळ केला आणि तोंड सैल सोडलं. क्षणभर मला वाटलं ओदिलीच वर आहे. तेच खांदे, तोच श्वास, पाय वर आणायची तीच संथ तऱ्हा. माझ्या हातातला दोर एकदाही ताणला गेला नाही. वरच्या साखळीला हात लावून तो हसला आणि खाली आला.

माझ्याकडे कड्यावरच्या वाटांची वही असते. वाटेचं नाव, पहिल्यांदा कोण चढलं, तारीख. केलोरनं ती मागून घेतली आणि आपल्या हातानं नाव लिहिलं, 'दोन्या ओदिली'.

"ती तर 'सावकाश' म्हणणार होती," मी म्हटलं.

"हे जास्त चांगलं. तिच्याच नावानं. बघ कशी खूश होते."

त्या वेळी मलासुद्धा बरं वाटलं. आता ते आठवलं की मला माझीच किळस येते.

ओदिली पुढच्या रविवारी खाली आली, चौदा तारखेला. सुट्टीवरचे कामगार परतले होते. डोळे खोल गेलेले, अंगाला दुधाचा आंबूस वास, पण चेहरा आनंदी. तळहाताएवढं पिल्लू वाचलं होतं. दोन टेबलांवर माणसं जेवत होती. ती बाकावर बसली आणि बूट काढता काढता म्हणाली, "जाड्या, फीत नीट बसलीय ना? वारा फार सुटलाय. पोरानं दोन गाठी मारल्या की एकच?"

हातातला डाव मी तसाच धरून उभा राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग उठली आणि अनवाणीच भिंतीपाशी गेली. परत आली तेव्हा तिनं फक्त वही मागितली. मी दिली. तिनं सात तारखेची ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"दोर कुणी धरला?"

"मी."

"तू मला फोन केलास?"

"त्यानं सांगितलं, बोट दुखतंय म्हणून तू सोडलीस..."

"तू मला फोन केलास का, जाड्या?"

"नाही."

केलोर अकराच्या सुमाराला आला. येताना कार्तागो शहरातल्या बेकरीतून केक घेऊन आला, ही त्याची हिंमत. ओदिलीला मिठी मारायला गेला, ती बाजूला झाली.

"फीत कुठे आहे?" तिनं विचारलं.

त्यानं खाली बघितलं. "गाडीत राहिली, दोन्या. खरंच विसरलो. आठवण झाली तर सहा तारीख उलटलेली. मग रिवाजानं वाट मोकळीच झाली होती. मी नाही तर दुसरा कुणीतरी चढला असता. निदान मी तुमचं नाव तरी ठेवलं."

जेवणाऱ्यांपैकी एकानं टाळी वाजवली, त्याला काही माहीत नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, किती चांगला मुलगा आहे, गुरूचं नाव ठेवलं.

"आमच्याकडे नाव मेलेल्यांचं ठेवतात," ओदिली त्या बाईला म्हणाली, अगदी शांतपणे. मग केलोरकडे वळली. "विसरलास, हे मी मानलं असतं. मी पण विसरते. पण तू जाड्याला सांगितलंस की मी सोडली. ते विसरून नाही होत. तुला ती वाट हवी होती तर माझ्याकडे मागायचीस. मला राग आला असता, मी शिव्या दिल्या असत्या, आणि बहुतेक दिली असती. तू मला हो म्हणूही दिलं नाहीस आणि नाही म्हणूही दिलं नाहीस. माझं बोट दुखतंय म्हणून सांगितलंस. चौदा महिने मी तुझी बोटं..." आणि तिला रडू फुटलं. तिला रडताना मी त्याआधी फक्त तिच्या आईच्या मातीला पाहिलं होतं.

केलोर केक टेबलावर ठेवून निघून गेला. नंतर तो दुसरीकडच्या कड्यांवर चढायला लागला. ऐकतो की शहरात तो पोरांना वजनकाट्यावर उभं करून बोटं तयार करायला शिकवतो आणि आळशाची गोष्ट रंगवून सांगतो. कुणाकडून शिकलो हे सांगतो की नाही, मी विचारलं नाही.

ओदिली सहा आठवडे आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मीच शुश्रूषाघरात गेलो, ती चढण चढताना माझा जीव गेला. ती बांबूपाशी पिल्लाला धरून बसली होती. मी माफी मागायला सुरुवात केली.

"हळू बोला," ती म्हणाली. "मोजते आहे मी."

तेवीस वर्षांत ती मला कधी अहो-जाहो करत बोलली नव्हती. तिचं तीसपर्यंत मोजून होईपर्यंत मी उभा राहिलो. मग तिनं पिल्लाला छातीशी घेतलं आणि आत गेली, आणि दार लोटून घेतलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ती आली. बरोबर एक अनोळखी बाई होती, कार्तागोच्या शाळेत शिकवणारी, तिची कुणीतरी नवी ओळख. वारा कोरडा होता, खडक चांगला होता. ओदिलीनं कमरेला दोर बांधला. मी सवयीनं हात पुसत बाहेर आलो आणि दुसऱ्या टोकाला हात घातला. तिनं माझ्या हातातून ते टोक काढून घेतलं, ओरबाडून नाही, पालीसारखं टोकाकडून सोडवून, आणि त्या मास्तरीणबाईच्या हातात दिलं. ती बाई पंचावन्न किलोची असेल. ओदिली पडली असती तर दोघी हवेत गेल्या असत्या.

ती पडली नाही. खाचेपाशी दोन बोटांवर ती इतका वेळ लटकली की खाली ती बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, घाबरू नका, ती विसावा घेतेय. मग पाय वर आला, हात कडेला गेला, आणि उरलेली भिंत ती चालत गेल्यासारखी चढून गेली. साखळीपाशी पोचल्यावर तिनं कुणाकडे बघितलं नाही. बराच वेळ खडकाला कपाळ टेकून राहिली. अकरा वर्षं जे तिचं पहिलं व्हायचं होतं ते दुसरं झालं होतं, आणि ते मी खाली उभा राहून बघत होतो. मला मान खाली घालावीशी वाटली, पण मी घातली नाही.

ती उतरून आत आली तेव्हा मी वही काढून ठेवली होती, पेनही. मी म्हटलं, "ओदिली, मी ती ओळ खोडतो. सगळ्यांना माहीत आहे ती वाट कुणाची. तुझं नाव लिहितो, 'सावकाश' लिहितो. कुणी काही बोलणार नाही."

ती पाणी प्यायली. तोंड पुसलं.

"खोटं लिहू नका, सेन्योर तोबियास," ती म्हणाली. "पहिला तोच चढला. नावही राहू द्या, माझं मला सांभाळता येतं. फक्त ती ओळ अर्धी आहे. दोर कुणी धरला तेही लिहा."

"असं आपण कधी लिहीत नाही."

"माहीत आहे. लिहा."

ती समोर उभी राहिली. मी पेन उचललं आणि केलोर ब्रेनेसच्या नावापुढे माझं पूर्ण नाव लिहिलं, आमच्यात सरकारी कागदावर लावतात ते आईचं आडनावसुद्धा. तिनं वही फिरवून वाचली, मान हलवली आणि त्या बाईला घेऊन रस्त्यानं वर निघून गेली.

ती अजूनही येते, महिन्यातून एखाद्या रविवारी. कॉफी घेते, नमस्कार करते, भिंत चढते, दोर त्या बाईच्या हातात असतो. त्या वहीत आज काळ्या कड्याच्या एक्केचाळीस वाटा आहेत. दोर धरणाऱ्याचं नाव फक्त एकाच वाटेपुढे आहे.